पंखभर अंतर

सागाच्या एका रानात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. बाळांनो, सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे, सदा घोळक्याने हिंडणारे. पाचोळा उलटायचा तर सगळ्यांनी मिळून, भांडायचे तरी सगळ्यांनी मिळून. दुपारी एका फांदीवर अंगाला अंग लावून बसायचे आणि एकमेकांची पिसे चोचीने साफ करायची, हीच त्यांची माया. त्या थव्यातल्या एका लहान मादीला मात्र ही माया सोसत नसे. कुणाची चोच मानेला लागली की तिला काटा रुतल्यासारखे होई. सगळे एकदम बोलू लागले की एकाचेही बोलणे तिला कळत नसे, नुसता कल्ला डोक्यात घुमत राही. मग ती फांदीच्या पार टोकाला जाऊन बसे आणि एकच पान चोचीने पुन्हा पुन्हा हलवीत राही. त्याने तिला बरे वाटे. माणसांत अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. पाखरांकडे तसा शब्द नव्हता, म्हणून ज्याने त्याने आपापला शब्द काढला. आत्या म्हणाली, "शिष्ट आहे." काका म्हणाला, "हट्टी आहे." आई तर रडवेली होऊन म्हणे, "अगं, चारचौघींसारखी वाग ना! तुला आमची मायाच नाही का?"

माया नव्हती, असे कसे म्हणावे? टोकाला बसून ती त्या रांगेकडेच तर पाहत असायची. आपणही तिथे असावे, आईच्या शेजारी, आणि काही दुखू नये, एवढेच तिला वाटे.

थोडी मोठी झाल्यावर तिने एक युक्ती काढली. बहीण करील तसे करायचे. बहीण ओरडली की ओरडायचे, बहिणीने मान पुढे केली की आपणही करायची, दुखले तरी हलायचे नाही. आई हरखून गेली. "आली बाई एकदाची वळणावर!" पण दिवस मावळेपर्यंत पोर इतकी थकून जाई, की समोरचा किडाही टिपवत नसे. आणि रांगेत बसूनही तिला एकटेच वाटे. कारण लाड होत होते ते भलत्याच कुणाचे, जिचे सोंग तिने घेतले होते तिचे. एके सकाळी आत्याची चोच मानेला लागताच ती सर्वांदेखत किंचाळली आणि ओढ्यापलीकडच्या आंब्यावर निघून गेली. मागून कुणीतरी म्हणाले, "जाऊ दे तिला. आपण कोणी तिला नकोच आहोत."

आंब्यावर शांतता होती. सुरुवातीला तिला फार सुख वाटले. मग दुपारच्या वाऱ्यावरून थव्याचा कल्ला ऐकू येऊ लागला. जवळ असताना ज्याने डोके फुटायची वेळ येई, तोच कल्ला दुरून मऊ लागे. त्यातला आईचा आवाजही तिला आता वेगळा ओळखता येई. तो आला की ती खाणे थांबवून ऐकत राही. परत जावे असे रोज वाटे. पण गेल्यावर पुन्हा तेच सोंग घ्यायचे, या विचाराने पंख उचलत नसत. हिवाळा असाच ऐकण्यात गेला.

उन्हाळा लागला आणि त्या कल्ल्यात एक नवा आवाज मिसळला. कुणाचे तरी पिल्लू ओरडत होते. ती भुकेची ओरड नव्हती. काय होते आहे ते तिला बसल्या जागी कळले आणि काही ठरवायच्या आत ती ओढा ओलांडून गेली. पाहते तो बहिणीच्या घरट्याभोवती सगळा थवा जमलेला. सातभाईंत पिल्लाला सगळेच भरवतात. चारी बाजूंनी चोची पुढे होत होत्या, "आ कर!", "अगं, खा की!" असा एकच गलका चालला होता आणि ती चिमुरडी डोळे घट्ट मिटून घरट्याच्या तळाशी चिकटली होती. मान टाकायला आली होती.

"कालपासून काही घेत नाही," बहीण रडत म्हणाली. "असला कसला हट्ट!"

"हट्ट नाही तो. तिला सहन होत नाहीये. सगळे मागे व्हा आणि जरा गप्प बसा."

आत्या उसळली. "तुला काय कळतंय त्यातलं? तू तर आम्हाला सोडून गेलीस!"

तरी ती बोलली. "कळतं, कारण मीही अशीच आहे. तुम्ही एकदम बोललात की मला शब्द ऐकू येत नाहीत, नुसता मार बसतो. तुम्ही मायेनं चोच लावता आणि मला ती टोचते. तुमची माया खोटी नाही, आत्या. पण माझं दुखणंही खोटं नव्हतं."

काका मुकाट्याने मागे सरला, त्याच्या पाठोपाठ बाकीचे. तिने सांगितले तशी एकटी बहीण समोरून गेली, मऊ अळी घरट्याच्या काठावर ठेवली आणि थांबली. बराच वेळ काहीच झाले नाही. शेवटी पिल्लाने एक डोळा उघडला, इकडेतिकडे पाहिले आणि चोच पुढे केली.

त्या दुपारी आई तिच्यामागोमाग आंब्यावर आली. ती आता थकत चालली होती, ओढा ओलांडतानाही तिला धाप लागली. "पोरी, आम्हाला वाटायचं, आम्ही तुला नकोसे आहोत," ती म्हणाली.

"तुम्ही सगळे मला हवे होता, आई. फक्त एकदम नको होता."

"मी कधी विचारलंच नाही गं," असे म्हणून आई सवयीने लेकीकडे सरकली आणि मध्येच थबकली. "एवढं अंतर बरं आहे का?"

लेकीने थोडा विचार केला. "अजून थोडी जवळ आलीस तरी चालेल," ती म्हणाली.

तात्पर्य : दूर बसणाऱ्याला आपण नकोच आहोत असे परस्पर ठरवू नये, किती जवळ येऊ, ते त्यालाच विचारावे.