चौथ्या मात्रेवर

“...पण मास्तर, मला गाणं ऐकू येत नाही म्हणजे काय? सगळी मोजणी झोपेतसुद्धा पाठ आहे माझी!”

शार्दूल तावातावाने विचारत होता. इनास मास्तर पान्याने कोंग्याचं, म्हणजे त्या उंच क्यूबन ढोलाचं, कातडं ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठे म्हटलं तसं?”

“तुम्ही नाही. रेवती म्हणाली.”

“रेवती कोण?”

“माझी जोडीदार. कॉलेजपासून एकत्र नाचतो आम्ही.”

शार्दूल ठाण्यात साल्सा शिकवायचा. घरात बक्षिसांनी कपाट भरलेलं. नाचायचाही फार छान, नावं ठेवायला जागा नव्हती, आणि हे त्यालाही पुरेपूर ठाऊक होतं.

अशा माणसाला रेवतीने सांगितलं होतं, नाताळातल्या स्पर्धेसाठी दुसरी कुणी बघ. का, तर म्हणे, तुला गाणं ऐकूच येत नाही.

तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. स्पर्धा गेली खड्ड्यात. तिच्याशिवाय स्टेजवर उभं राहायचं, हेच त्याला कल्पवत नव्हतं. पण हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. तिच्याजवळही नाही.

मग कुणीतरी सांगितलं, वसईला जा, इनास मास्तरांकडे.

मास्तरांनी उमेदीची वर्षं जहाजांवरच्या बँडमध्ये काढली. जहाज क्यूबाला लागलं की बाकीचे बाजारात जायचे, हे तिथल्या वाजवणाऱ्यांच्या अंगणात जाऊन बसायचे. आता केळीच्या बागेतल्या घरी ओटीवर बसून शिकवतात. मी त्यांना एकदाच ऐकलंय. हात फारसे हलत नाहीत, आवाजही मोठा नाही, पण ऐकणारा आपोआप सावरून बसतो. असा माणूस आपल्या भागात राहतो याचा मला फार अभिमान वाटतो.

“मला सगळे ताल शिकवा मास्तर. मांबो, चा-चा-चा, सोन, रुंबा. नाताळच्या आत.”

“आधी नाचून तर दाखव.”

मास्तर वाजवू लागले. शार्दूल अंगणात नाचला. असा नाचला की कोंबड्या विहिरीमागे पळाल्या आणि शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहिले.

मास्तरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

“वा! पाय फार सुंदर आहेत तुझे. बरं, मला सांग, तीन मात्रांना तीन पावलं. चौथीला?”

“चौथीला पाऊल नाही. तिथे पाय थांबतात. साल्सा तसाच असतो.”

“तुझे कुठे थांबले?”

शार्दूल हसला.

“ती रिकामी जागा वाया कशाला घालवायची? तिथे मी आपलं काहीतरी टाकतो. टाचेचा ठोका, एखादा झटका. लोक टाळ्या देतात त्या त्यालाच.”

“आणि रेवती काय करते तिथे?”

शार्दूलने बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

“थांबत असेल.”

“असेल?”

मास्तरांनी समोरचा कोंगा त्याच्याकडे सरकवला.

“बस. तीन मात्रा मी या दोन काठ्या एकमेकींवर वाजवतो. तू फक्त चौथीला बोलायचं. मोकळ्या हाताने दोन ठोके, धुम-धुम.”

“एवढंच?”

“एवढंच.”

शार्दूल नाक मुरडून बसला.

त्यानंतर तो दर रविवारी येत राहिला. दर रविवारी तेच. मांबोचं नाव नाही की रुंबाचं नाही.

त्याचे ठोके आधीच पडायचे.

“घाई,” मास्तर म्हणायचे.

मग तो दोनाच्या जागी चार वाजवायचा.

“हे कुणी सांगितलं होतं?”

“रंगत येते ना मास्तर.”

“कुणाला?”

शार्दूल पुन्हा वाजवायला घ्यायचा. तळहात लाल व्हायचे. परतताना दर वेळी ठरवायचा, पुढच्या रविवारी यायचं नाही. आणि यायचा.

एकदा मात्र तो आला तो सरळ ओटीच्या पायरीवरच बसला. चेहरा उतरलेला.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“काल क्लासमध्ये नेहमीचं गाणं लावलं होतं. नाचता नाचता सवयीने टाच आपटली, आणि एकदम ऐकू आलं...”

“काय?”

“धुम-धुम. बरोब्बर तिथेच. प्रत्येक वेळी तिथेच. मास्तर, ती जागा रिकामी नव्हतीच! मी इतकी वर्षं कोंग्याच्या बोलण्यावर पाय आपटत होतो.”

मास्तरांचे डोळे हसले. तोंडाने मात्र एवढंच म्हणाले,

“पुढच्या रविवारी रेवतीला घेऊन ये.”

“ती नाही यायची.”

“मी बोलावलंय म्हणून सांग.”

मास्तरांनी बोलावल्यावर नाही कोण म्हणणार? रेवती आली. शार्दूलकडे बघून जेवढ्यास तेवढी मान हलवली आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसून नाचाचे बूट चढवू लागली.

शार्दूलनेही घाईघाईने आपले नाचाचे बूट पिशवीतून बाहेर काढले.

“तू कुठे निघालास?” मास्तर म्हणाले. “तू कोंग्यावर.”

“मग ही कुणाबरोबर नाचणार?”

“एकटी नाचेल. नाचशील ना गं पोरी?”

रेवती पहिल्यांदाच हसली.

मास्तरांच्या काठ्या सुरू झाल्या. रेवती अंगणात उतरली. हात मात्र तिने जोडीदार समोर असल्यासारखे पुढे धरले होते.

शार्दूलला चौथी मात्रा गाठायची होती. म्हणून तो तिच्याकडे बघत होता. नाचताना त्याची नजर लोकांकडे असायची. इथे दुसरं बघायला कुणी नव्हतं.

तीन पावलं.

धुम-धुम.

तिची पावलं थांबली. आणि पुढे धरलेला तिचा तळहात किंचित उघडला... थांबला... वाट बघून पुन्हा मिटला.

तीन पावलं.

धुम-धुम.

पुन्हा तेच. तळहात उघडला, थांबला, मिटला.

शार्दूल आ वासून बघत राहिला. हाच तळहात इतकी वर्षं त्याच्या हातात होता. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक चौथ्या मात्रेला ती असंच थांबत असणार. त्याच्या हाताने आपल्या हाताला काहीतरी म्हणावं म्हणून. आणि तो त्या वेळी टाच आपटून टाळ्या घेत होता.

त्याचा हात हवेतच राहिला. चौथी मात्रा तशीच निघून गेली.

मास्तरांनी काठ्या थांबवल्या. रेवतीने वळून पाहिलं.

“काय झालं रे?”

शार्दूलने बाहीने डोळे पुसले, कोंगा बाजूला केला आणि उठला. अंगणात ती उभी होती. स्पर्धेला येते म्हणाली नव्हती, पण बूटही काढले नव्हते.

तो मास्तरांपुढे हात जोडून उभा राहिला.

“मास्तर... झालो का मी तयार? आता हिच्याबरोबर नाचू?”

मास्तरांनी कोंगा आपल्याकडे ओढून घेतला. त्यावरून एकदा तळहात फिरवला.

“मला काय विचारतोस?”