धार लावणाऱ्याचे पहिले वर्ष

"चेहरा भोळा आहे. वर्षभर सहज चालेल."

ओसरीवर बसलेल्या श्रेष्ठीने हे आपल्या कारभाऱ्याला हळू आवाजात सांगितले. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली नवी सून दाराआड उभी होती, हे त्याला ठाऊक नव्हते. नव्या सुनेच्या पावलांचा आवाज होऊ नये असे तिला माहेरी शिकवले होते. त्याचा असाही उपयोग होतो हे कुणी सांगितले नव्हते.

ही पूर्वीची गोष्ट. तगर नगरात एक राजा न्यायाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मापाड्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव धर्मिल. बाप बाजारात धान्य मापून देई. नजर अधू झाली तसे ते काम सुटले. धर्मिलांचे लग्न होऊन महिना झाला होता. आता घर चालवायचे ते त्यांनीच. बोलणे गोड होते, म्हणून विक्रीचे काम धरावे असे ठरले.

नगरात विळे विकणारे दोघे होते. धनभूती श्रेष्ठी आपण होऊन घरी आला. बसायला बैल, डोक्याला पिवळी पगडी आणि विक्रीचा दहावा हिस्सा देतो म्हणाला. अग्निल लोहाराकडे मात्र धर्मिलांनाच जावे लागले. तो भात्यावरची नजर न काढता म्हणाला, "पहिलं वर्ष काही विकायचं नाही. आपले विळे ज्या बारा गावांत गेलेत तिथं दगड घेऊन फिरायचं आणि धार लावून द्यायची. पोटापुरतं धान्य मिळेल. विकायचं पुढच्या वर्षी बघू."

घरी हे ऐकून बाप म्हणाला, "वर्षभर नुसती धार? आणि आम्ही खायच्या काय, ठिणग्या?"

आई म्हणाली, "काळे हात घेऊन जेवायला बसेल. पुसायला सून आहेच."

उत्तर येत्या बाजाराच्या दिवशी द्यायचे होते. दोघे एकटे असताना सामाने, म्हणजे त्या सुनेने, ऐकलेले नवऱ्याला सांगितले.

"भोळा आहे हे खरंच आहे," धर्मिल म्हणाले. "पण वर्षभर चालेल म्हणजे काय?"

"मलाही कळलं नाही. असं वहाणेबद्दल म्हणतात. माणसाबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं." मग ती म्हणाली, "एवढंच विचारा त्यांना. पहिल्या वर्षी ज्या गावात विकाल, त्या गावात दुसऱ्या वर्षी पाठवणार का?"

दुसऱ्या दिवशी धर्मिलांनी विचारले. श्रेष्ठी मनमोकळा हसला. "गेलेल्या गावात परत कशाला जायचं? त्यांनी तर घेतलेच आहेत विळे. माझा माणूस दरसाल नवी वाट धरतो. पाच वर्षांत पाच मुलूख बघशील, शूर्पारकाचा समुद्र बघशील." आणि त्याने पिवळी पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

धर्मिलांना समुद्र बघायचा होता, लहानपणापासून. तरी बाजाराला दोन दिवस होते, म्हणून ते हिवरे गावी चालत गेले. तिथे श्रेष्ठीचा माणूस गेल्या वर्षी येऊन गेला होता.

विहिरीवर बायका पाणी भरीत होत्या. पिवळी पगडी दिसली आणि त्यांचे बोलणे थांबले. एक म्हातारी म्हणाली, "आलास? धीर आहे तुझा."

"आजी, मी पहिल्यांदाच येतोय."

"तोही पहिल्यांदाच आला होता. गोड होता पोरगा." ती घरात गेली आणि एक विळा घेऊन आली. कापणीच्या तिसऱ्याच दिवशी पाते मुठीतून निसटले होते. तिच्या सुनेची दोन बोटे त्यानंतर मिटली नाहीत. म्हातारी रागावलेली दिसत नव्हती. "आम्ही विळा बघितलाच नाही रे," ती म्हणाली. "तोंड बघितलं."

बोधिसत्त्वांना तेव्हा उमगले. श्रेष्ठी लोखंड विकत नव्हता, तो चेहरे विकत होता. एका वाटेवरचा विश्वास वर्षभरात झिजला की चेहरा नवी वाट धरी, आणि सगळ्या वाटा संपल्या की श्रेष्ठी नवा चेहरा शोधी. त्यांनी पगडी उतरवून काखेत धरली, म्हातारीची क्षमा मागितली, आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या सुनेच्या वाटणीची ज्वारी कापून दिली.

बाजाराच्या दिवशी ते पगडी परत करायला गेले, तर श्रेष्ठीच्या ओसरीवर दुसरा तरुण बसला होता. त्याचा चेहरा त्यांच्याहून भोळा होता. धर्मिलांनी त्याला हिवऱ्याची वाट नीट समजावून सांगितली आणि ते अग्निलाकडे गेले.

वर्ष कठीण गेले. घरात आंबील पातळ झाली. सासू सुनेशी दोन महिने थेट बोलली नाही. जे सांगायचे ते भांड्यांना सांगे. धर्मिल गावोगाव धार लावीत बसले. दगड फिरत असताना लोक बोलतात. कुणाच्या शिवारात खडे फार, कुणाचा डावा हात चालतो, कुठल्या मुठीने फोड येतात, हे ते ऐकून येत आणि अग्निलाला सांगत. अग्निल तशी मूठ बदली. दुसऱ्या वर्षी ते विकायला बसले तेव्हा विळ्याचे गुण त्यांना सांगावेच लागले नाहीत. बायकाच एकमेकींना सांगत होत्या.

ही कथा पुढे बुद्धत्व मिळाल्यावर शास्त्यांनी जेतवनात एका तरुण उपासकाला सांगितली. त्याच्यापुढे विक्रीची दोन कामे एकाच दिवशी आली होती आणि चांगले कोणते ते त्याला कळत नव्हते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा धनभूती म्हणजे आजचा देवदत्त. अग्निल म्हणजे सारिपुत्र. सामा म्हणजे राहुलमाता. आणि धर्मिल तो मीच." सासू कोण होती हे त्यांनी सांगितले नाही, आणि कुणी विचारलेही नाही. जे काम त्याच दारात पुन्हा ताठ मानेने उभे राहू देते ते ओळखणे आणि धरणे, ही प्रज्ञा.

एक सांगायचे राहिले. त्या दुसऱ्या सुगीतही सासूने हार मानली नव्हती. धर्मिल निघायच्या तयारीत होते, बाप अंगणात बसला होता, तेव्हा ती म्हणाली, "बांधा भाकरी. दोन वर्षं झाली, अजून घरचीच भाकरी बांधून हिंडतोय. श्रेष्ठीकडे असता तर बैलावर बसून गेला असता."

सामाने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आज भाकरी बांधायची नाही. नदीपलीकडच्या गावानं त्यांना जेवायला बोलावलंय. तुम्हाला आणि मामंजींनाही घेऊन या म्हणालेत."