कापसाचे बोळे

"मग मी लबाड आहे का, बुवा?"

भार्गव नलावडेने मठाच्या पायरीवर चपला अशा भिरकावल्या की एक कोपऱ्यात गेली न् एक खाली झुडपात. घाटमाथ्यावरच्या त्या मठात केदारबुवा समईसाठी वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भार्गवचं तर पित्त खवळलेलं. खाली गावात त्याचं गाड्या सजवायचं दुकान. इंजिनाला हवा पुरवणारा मूळचा बंद डबा काढायचा आणि मोठा उघडा फिल्टर बसवून द्यायचा. गाडी मोकळा श्वास घेते, ताकद वाढते, असं तो छातीठोक सांगायचा. आणि त्याच्याकडूनच फिल्टर बसवून घेतलेल्या त्या पोपट मास्तरांनी भर चौकात त्याची अब्रू काढावी? म्हणे, आवाज तेवढा वाढला, गाडी होती तशीच! बुवांनी मास्तरांना बोलावून चार शब्द सुनावावेत, एवढंच त्याचं मागणं. इतकी वर्षं मठाची सेवा केली, ती काय उगाच?

"माझ्या स्वतःच्या गाडीलाही तेच बसवलंय. घाट चढताना नुसती डरकाळी फोडते. खोटं कसं असेल?"

बुवा उठले. कापसाचे दोन बोळे करून त्यांनी ते भार्गवच्या कानांत घट्ट बसवले आणि घाटाकडे बोट दाखवलं. खाली जा, वर ये.

भार्गवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर राहिला बाजूला आणि ही कसली थट्टा! पण गुरूची आज्ञा. पाय आपटत तो गाडीत बसला.

येताना चढ लागला. त्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. डरकाळी नाही, काही नाही. वडाच्या वळणावर गाडी दमली, थरथरली, त्याला दुसरा गिअर टाकावा लागला.

डबा बदलायच्या आधीही तिथेच टाकावा लागायचा.

तो चडफडत पुन्हा खाली गेला, पुन्हा चढला. वडापाशी पुन्हा तेच. आता चिडावं तरी कुणावर?

मठात येऊन त्याने बोळे काढले.

"बुवा... मी खोटं बोललो नाही. मला खरंच तसं वाटत होतं."

"ठाऊक आहे."



भार्गवने बोळे मुकाट्याने वातींच्या टोपलीत ठेवले. बुवांनी ते उचलून परत त्याच्या हातावर ठेवले.

"राहू देत तुझ्याजवळ. गिऱ्हाइकांना लागतील."