रिकाम्या खलाचा अहवाल

विषय : सड्यावरचा (कातळपठारावरचा) रानकांदा वेगळ्या जातीचा आहे किंवा कसे.
संदर्भ : संशोधक विद्यार्थी तन्मय बिवलकर यांचा डीएनए अहवाल.

उपरोक्त अहवालानुसार तो वेगळा नाही. शेताच्या बांधावर उगवतो तोच आहे. सबब सडा चिरेखाणीला देण्यास हरकत नसावी.

फक्त मार्गदर्शक केळुसकर बाईंची सही राहिली होती.

"बिनपानाची नळी कुठाय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"पान न घालता सगळं करायचं. तोच खल, तीच रसायनं, तेच मशीन."

तन्मय हसला. "बाई, काही घातलंच नाही तर निघणार काय?"

"कर तर."

त्याने केलं. रिकाम्या खलात द्रवरूप नायट्रोजन ओतला आणि बत्ता फिरवला. काहीच नसलेलं मन लावून कुटणं विद्यापीठाला नवीन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो डीएनएचे पट्टे दाखवणारा जेलचा फोटो घेऊन आला. हसत नव्हता.

"रिकाम्या नळीतही पट्टा आलाय, बाई. बांधावरच्या कांद्याचा."

"बांधावरचा कुठल्या खलात घोटला होतास?"

"…याच."

"मग धुतलास?"

"विसळला."

बाईंनी अहवाल बिनसहीचा परत केला. "सड्यावरून ताजं पान आण. पुन्हा कर."

तन्मय जागचा हलला नाही.

"काय रे?"

"एक प्रत मी आधीच खाणीची परवानगी देणाऱ्या कार्यालयाला पाठवली होती… सही मागाहून देतो म्हणून. पट्टा दिसला तसा काल सड्यावर गेलो. महिनाभर यंत्रं चालू आहेत, बाई. नुसते चिरे रचून ठेवलेत."

"आणखी कुठे उगवायचा तो?"

"कुठेच नाही."

…



तन्मयने अहवाल मागे घेण्याचा अर्ज केला. ज्या कार्यालयाला पोच द्यायला एरवी दोन महिने लागत, त्याने चार दिवसांत कळवलं : वनस्पती वेगळी असल्याच्या पुष्ट्यर्थ तिचा नमुना सोबत जोडावा.

"काय जोडू, बाई?"

बाईंनी पुड्यातून एक कोरी नळी काढली, झाकण लावलं आणि त्याच्यापुढे पेन सरकवलं.

"लिही. सड्यावरचा रानकांदा."

"पण ही रिकामी आहे."

"या वेळी बरोबर आहे."

नळी नोंदणीकृत टपालाने रवाना झाली. अर्ज प्रलंबित आहे.