केरबाचं अपील

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. तो घरांची कौलं शाकारायचा. एकदा तो शाळेच्या छपरावर होता आणि शिडी कुणीतरी उचलून नेली होती. मास्तर खालून ओरडले, "केरबा, आता उतर खाली!" मास्तरांनी 'आता' म्हटलं होतं. केरबा उतरला. डावा गुडघा कायमचा गेला.

अपंगांच्या पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला. बायकोनं, हौसानं, अपील करायला लावलं. दोन वर्षांनी अपिलात केरबा जिंकला. फक्त फेरतपासणी होऊन अंतिम आदेश निघायचा होता.

"आता मी काय करू?" केरबानं विचारलं.

"काही नाही. घरी बसा आणि वाट बघा," कचेरीतले खटावकर भाऊसाहेब म्हणाले.

केरबा उंबऱ्यात बसला आणि समोरची वाट बघू लागला. चार महिने बघितली. हौसा मजुरीवरून येऊन त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवायची. एके दिवशी कोतवाल मागच्या परड्यातून आला.

"केरबा, तपासणीची चिठ्ठी आलीया."

"मला मागं बघता येत न्हाई. मी वाट बघतोय."

चिठ्ठी परत गेली. वर शेरा होता: 'अर्जदार घरी आहे, परंतु मिळून येत नाही.'

भाऊसाहेब वैतागले. "नुसतं बसून पेन्शन मिळते होय? फाइलच्या मागे लागायचं असतं!"

केरबा फाइलच्या मागे लागला. शिपाई फाइल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर निघाला, की काठी टेकत केरबा मागे. फाइल साहेबांपुढे आठ दिवस पडून राहिली. केरबा आठ दिवस त्यांच्या खुर्चीमागे उभा. शेवटी साहेबांनी ती घरी नेली. चहाचा घोट घेताना त्यांना पडद्याखाली एक काठी दिसली.

"अहो, काय म्हणणं आहे तुमचं?"

"साहेब, पाय लई दुखतुया—"

"तोंडी नाही! सरकारी कामात काय ते लेखी द्यायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही!"

आणि पीडा टळावी म्हणून साहेबांनी तपासणीची नवी चिठ्ठी दिली.

डॉक्टरांनी गुडघा दाबला. "इथं दुखतं?"

केरबा गप्प. डॉक्टरांनी आणखी जोरात दाबला. केरबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं खिशातून कागद काढला आणि लिहायला घेतलं: 'माननीय डॉक्टरसाहेब यांस, विनंती अर्ज करतो की, आपण दाबत असलेला गुडघा माझा असून तो दुखत आहे. तरी तो सोडण्याची कृपा व्हावी.'

तो सहीपर्यंत पोचला तेव्हा डॉक्टरांचा दाखला लिहून झाला होता: 'अर्जदार मुका आहे. पायाबद्दल काही तक्रार नाही.'

फाइल पायाच्या टेबलावरून जिभेच्या टेबलावर गेली. तिथून सहा महिन्यांनी एक पत्र आलं. वरचा शिक्का बघून केरबानं हात जोडले आणि पत्र ट्रंकेत ठेवून दिलं.

"अहो, सात दिवसांत हजर राहा असं खाली लिहिलं होतं!" भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "कागद आला की शेवटची ओळ वाचायची आणि मुदतीत तसं करायचं. कळलं?"

"कळलं."

मग हौसा स्वतः कचेरीत गेली. भाऊसाहेबांच्या टेबलासमोर तिनं फतकल मारली. "भाऊसाहेब, माझा नवरा मुका असता तर लई बरं झालं असतं. पर त्येचा पायच मोडलाय वो. कागद नीट केल्याबिगर मी न्हाई उठायची." संध्याकाळपर्यंत दाखला दुरुस्तीला गेला.

आणि एके दिवशी अंतिम आदेश आला. डावा पाय अधू असल्याचं मान्य. पेन्शन मंजूर. हौसानं पदरानं डोळे पुसले आणि देवापुढं साखर ठेवायला आत गेली.

केरबानं शेवटची ओळ वाचली: 'या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येईल.'

त्यानं काठी घेतली आणि जिल्ह्याची एसटी पकडली.

"अपील? कशासाठी?" खिडकीतल्या बाबूनं विचारलं.

"खाली लिहिलंय."

बाबूनं वाचलं. लिहिलं होतं खरं. त्यानं शिक्का मारला.

या अपिलाला कचेरीत कुणाचीच हरकत नव्हती, त्यामुळं कागद घोड्यासारखा पळाला. आठव्या दिवशी निकाल लागला: 'अपील मंजूर. पेन्शन रद्द.'

केरबानं शेरभर पेढे घेतले आणि एसटी थांब्यापासून वाटत घरी आला.

"हौसे, तोंड गोड कर! सरकार पुन्हा हरलं!"