भुसा भरलेला मूळपुरुष

कुत्रे आपला कारभार आपणच पाहत होते त्या काळी, एका डोंगरगावात बुटक्या, झुपकेदार कुत्र्यांनी आपल्या जातीचं मंडळ काढलं होतं. सभागृहातल्या काचपेटीत त्यांचा मूळपुरुष उभा होता, भुसा भरलेला. दरसाल त्याचं कातडं थोडं आक्रसे आणि दरसाल मंडळ पिल्लांचं माप तेवढंच कमी करी. मापात न बसणाऱ्याला गावाबाहेर काढत. तो पुन्हा कुणाला दिसत नसे.

खारी नावाच्या कुत्रीचा मुलगा गोटू मापात बसला, तरी चिटणीस झिपरेआप्पांनी नाक मुरडलं.

"खारीताई, याचं पोट हलतंय."

"अहो आप्पा, श्वास घेतोय तो!"

"मूळपुरुष घेत नाहीत," आप्पा शांतपणे म्हणाले.

ते ऐकून घाबरलेल्या गोटूने श्वास रोखून धरला. आप्पांनी गहिवरून, हुबेहूब मूळपुरुष म्हणून, त्याला पहिला क्रमांक जाहीर केला. पण गोटूचे डोळे काचेसारखे होऊ लागले, तशी खारीने त्याला मानेला धरून बाहेर ओढलं. उन्हात तो खोकला, मग चक्क भुंकला.

खारीने मागे वळून पाहिलं. आत सामसूम होती. पहिला क्रमांक पुन्हा मोकळा झाला होता आणि आप्पांसकट सगळे सभासद त्यासाठी श्वास रोखून उभे होते. बराच वेळ झाला, तरी एकही पोट हललं नाही.