चुकलेल्या बाणाचा माग

रानात शिकारीला अजून मनाई नव्हती, त्या काळची ही गोष्ट. सह्याद्रीच्या उतारावरील एका पाड्यावर एकदा एक वृद्ध शिकारी राहत होता. लहानथोर सगळेच त्याला आजा म्हणत. साठ वर्षे त्याने तीरकमठा वापरला होता आणि त्याचा बाण वाया गेल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. आसपासच्या चार पाड्यांवर कुठेही रानडुकरांनी पिकात धुडगूस घातला, की पहिले बोलावणे त्यालाच येई.

त्या पाड्याची एक रीत होती. मुलांना शिकारीची ओळख बापाने करून द्यायची नाही, आज्याने द्यायची. बापाला घाई असते, आज्याकडे वेळ असतो, असे कारण लोक सांगत.

या आज्याला दोन नातवंडे होती. चैती चौदा वर्षांची आणि तिचा धाकटा भाऊ बुध्या बाराचा. वर्षभर आजा त्यांना रानात नेत होता, पण कमठ्याला हात लावू देत नव्हता. मूठभर धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहायची, भेकराचे आणि बकरीचे खूर बोटाने चाचपून वेगळे ओळखायचे, मुंग्या पायावर चढल्या तरी पाय हलवायचा नाही, एवढेच त्याचे शिक्षण. चैतीला त्यात गोडी लागली होती. बुध्याला मात्र कधी एकदा बाण सोडतो असे झाले होते. ‘मला डुकराची भीती वाटत नाही,’ असे तो पाड्यावरच्या सवंगड्यांना छाती काढून सांगत असे.

आश्विनात नाचणीची कणसे भरली आणि डुकरांचा त्रास सुरू झाला. एका रात्रीत दोन घरांची नाचणी पार तुडवली गेली. पाड्याचा कारभारी स्वतः आज्याकडे आला. आजा म्हणाला, “उद्या सांजेला बसतो. या खेपेला पोरांनाही नेतो.”

दुसऱ्या दिवशी ऊन उतरू लागले तेव्हा तिघे शेताच्या बांधाआड बसले. बराच वेळ गेला. मग समोरच्या झुडपांतून एक थोराड डुक्कर बाहेर आले आणि मातीत नाक खुपसू लागले. आज्याने कमठा ओढला. त्याच क्षणी चैती कुजबुजली, “आजा, थांब. तिरपं उभं आहे ते.”

पण बाण सुटला होता. तो डुकराच्या खांद्यामागे लागण्याऐवजी पोटात रुतला. डुक्कर किंचाळले, गर्रकन वळले आणि करवंदीच्या जाळीत दिसेनासे झाले.

आजा उठला नाही. कमठा मांडीवर ठेवून तो जाळीकडे नुसता पाहत राहिला.

आवाज ऐकून पाड्यावरची माणसे धावत आली. त्यांत मुलांचा बाप जान्याही होता. रक्त पाहून तो म्हणाला, “पोटात लागलंय. मरेल कुठंतरी आपोआप. परवा गिधाडं उतरली की कळेल.”

“परवापर्यंत तडफडत राहील ते,” आजा म्हणाला. “आणि वाटेत जे माणूस भेटेल त्याला फाडील. चारी पाड्यांना सांगावा धाडा. उद्या बायकांनी सरपणाला या अंगाला यायचं नाही. गुरंही सोडायची नाहीत.”

“मग उद्या दहा माणसं घेऊन जाऊ आपण.”

“दहा माणसांचा गलबला झाला की ते आणखी आत घुसेल. बाण माझा आहे, मी जाईन. माग बघायला चैती लागेल, आणि बुध्यालाही घेईन.”

जान्याला ते पटले नाही. पण आज्यापुढे बोलण्याची पाड्यावर कुणाची प्राज्ञा नव्हती.

सकाळी दव सुकायच्या आत तिघे निघाले. आज्याच्या हाती या वेळी कमठा नव्हता, भाला होता. चैती पुढे चालत होती. कुठे पानावर काळपट थेंब, कुठे मोडलेली काडी, असा माग काढत ती ओढ्यापर्यंत आली. तिथून रक्ताच्या खुणा चढावर गेल्या होत्या.

ओढ्याच्या काठी उंबराचे मोठे झाड होते. आज्याने बुध्याला त्याच्या फांदीवर चढवले आणि सांगितले, “जखमी जनावराला तहान लागते. ते फिरून इथं पाण्यावर येईल कदाचित. दिसलं की शीळ घालायची, एवढंच तुझं काम. खाली उतरायचं नाही. झाडावर तुला कसलाही धोका नाही.”

“हो आजा,” बुध्या ऐटीत म्हणाला.

आजा आणि चैती चढावर गेली. खुणा हळूहळू विरळ होत गेल्या आणि वरच्या कातळावर पार नाहीशा झाल्या. दोघांनी कातळाच्या कडेने सगळा डोंगरमाथा पिंजून काढला. आज्याला दम लागत होता; दर दहा पावलांवर तो भाला टेकून उभा राहत होता. सूर्य डोक्यावर आला तेव्हा दोघे रिकाम्या हातांनी ओढ्यावर परतले.

“काही आलं का रे?” चैतीने खालूनच विचारले.

“नाही,” बुध्या फांदीवरून म्हणाला. “काहीच आलं नाही.”

आजा पाणी पिण्यासाठी ओढ्याच्या काठी ओणवा झाला. तिथल्या ओल्या मातीवरून त्याने सावकाश बोटे फिरवली, मग तोंडावर पाणी मारले, ओंजळभर पाणी प्यायला आणि उठला. “चला,” तो म्हणाला, “आता उताराच्या बाजूला पाहू.”

फार दूर जावे लागले नाही. उताराखाली करवंदीची दाट जाळी होती आणि आतून जड श्वास ऐकू येत होता. आज्याने दोघांना जवळच्या ऐनाच्या झाडावर चढायला लावले. मग तो गुडघ्यांवर बसला आणि भाला पुढे धरून जाळीत शिरला.

चैतीला वरून त्याची पाठ तेवढी दिसत होती. एकाएकी सगळी जाळी हलली. डुक्कर सरळ आज्याच्या अंगावर आले. भाला त्याच्या छातीत गेला खरा, पण त्या धडकेने आजा मागे फेकला गेला आणि डुकराचा सुळा त्याची पोटरी फाडून गेला. क्षणभर दोघांपैकी कोण जिवंत आहे हेच कळेना. मग पाचोळ्यातून आज्याचा आवाज आला, “संपलं. या आता खाली.”

चैतीने त्याचे मुंडासे सोडून पोटरीवर घट्ट बांधले. गाठ पक्की बसली. बुध्या हातभर अंतरावर उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आज्याने दोघांना जवळ बोलावले. मेलेल्या डुकराच्या खांद्यामागे बोट ठेवून तो म्हणाला, “बाण इथं लागायला हवा होता.” मग पोटावरच्या जखमेवर बोट ठेवले. “लागला इथं. वीतभर चूक. एवढ्या चुकीपायी या जिवानं एक रात्र आणि अर्धा दिवस काढला.”



दिवस मावळायच्या आत डुक्कर पाड्यावर आणले गेले. एकट्या म्हाताऱ्याने जाळीत शिरून जखमी डुक्कर मारले, ही बातमी चारी पाड्यांवर पसरली होती. ढोल वाजत होता. पोरे आज्याच्या पायाची पट्टी पाहायला गर्दी करत होती. वाटे घालून झाल्यावर कारभाऱ्याने रीतीप्रमाणे शिकाऱ्याचा वाटा पळसाच्या पानांवर काढला आणि सर्वांसमक्ष आज्यापुढे ठेवला. “असा शिकारी पुन्हा होणे नाही,” तो म्हणाला.

आजा काठीच्या आधाराने उभा राहिला. ढोल थांबला.

“हा वाटा माझा नाही,” तो म्हणाला. “माझा बाण काल चुकला. ऊन डोळ्यांवर होतं म्हणून चुकला असं तुम्ही म्हणाल, पण तसं नाही. माझी नजर अधू झालीय. लांबचं धूसर दिसतं. उन्हाळ्यापासून मला हे ठाऊक आहे. सांगायची लाज वाटली, म्हणून लपवलं. काल डुक्कर तिरपं उभं होतं, ते चैतीला दिसलं, मला दिसलं नाही. माझ्या लाजेपायी मुकं जनावर तडफडलं, आणि तुमच्या चुली आज सरपणावाचून राहिल्या. हा वाटा ज्या घरी आज चूल पेटली नाही तिथं द्या. मी यापुढे कमठा हाती धरणार नाही.”

एवढे बोलून तो खाली बसला. साठ वर्षांत ज्याचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता, तो भर पाड्यासमोर स्वतःलाच दोष देत होता. कारभाऱ्याने मान खाली घालून पाने उचलली. ढोल पुन्हा वाजला नाही.

घरी आल्यावर जान्याला राहवले नाही. “काय गरज होती याची?” तो म्हणाला. “नजर गेली, तर हळूच कमठा खुंटीला टांगायचा. वय झालं म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. डुक्कर तर मारलंच ना तू? आणि बोललास तेही पोरांदेखत! आता ती तुला काय मान देणार?”

आजा भिंतीला टेकून बसला होता. पाय ठणकत होता. तो शांतपणे म्हणाला,

“जान्या, बाण कसा मारायचा हे मी पोरांना शिकवीन. मी नसलो तर तू शिकवशील. पण बाण चुकल्यावर काय करायचं? ते तोंडानं सांगून कुणाला येत नाही. कुणीतरी चुकावं लागतं आणि पोरांनी ते पाहावं लागतं. रानात माणूस एकटा असतो. तिथं काय घडलं, कोण भ्यालं, कोण चुकलं, हे पाहणारं कुणी नसतं. जे झालं ते झालं म्हणून सांगायची ताकद ज्याच्यात नाही, त्याच्या हाती मी कमठा देणार नाही. मग ती ताकद माझ्यात आहे की नाही, हे त्यांनी आधी पाहायला नको? माझा मान राहिला असता आणि पोरं लपवायला शिकली असती, तर वर्षभर मी त्यांना रानात नेऊन काय मिळवलं?”

जान्याने उठून बापाच्या पायाखाली घोंगडीची घडी सरकवली. आतल्या दाराशी दोन्ही मुले जागी होती, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

सकाळी आजा अंगणात कोवळ्या उन्हाला पाय पसरून बसला होता. बुध्या आला आणि त्याच्यापासून जरा लांब, जमिनीकडे पाहत बसला. मातीत काडीने रेघा ओढत राहिला. आज्याने त्याला काही विचारले नाही.

“आजा,” अखेर तो म्हणाला, “डुक्कर आलं होतं.”

“हं.”

“ओढ्यावर. तुम्ही वर गेलात ना, त्यानंतर लगेच. अगदी माझ्या खाली येऊन पाणी प्यायलं. त्याच्या पोटात बाण होता. ते... ते पाणी पिताना कण्हत होतं. मला शीळच वाजवता येईना. तोंड कोरडं पडलं. मग ते गेलं आणि मी...” त्याला पुढे बोलता येईना. “मी सांगितलं असतं तर लवकर सापडलं असतं. तुला डोंगर चढावा लागला नसता. दमला नसतास, तर तुझा पायही फाटला नसता.”

“मला ठाऊक होतं,” आजा म्हणाला. “उंबराखाली ओल्या मातीत ताजे खूर होते. मी हात लावून पाहिले.”

बुध्याने चमकून वर पाहिले. “मग तू मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तू पुन्हा ‘नाही’ म्हणाला असतास. आणि एकदा माझ्या तोंडावर ‘नाही’ म्हटल्यावर ते तुला जन्मभर सांभाळावं लागलं असतं. तुझ्या अंगावर मला ते ओझं टाकायचं नव्हतं.”

बुध्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आज्याने ते पुसले नाही की त्याला उगी करण्याचा प्रयत्नही केला नाही.

“भ्यालास?” बऱ्याच वेळाने त्याने विचारले.

“खूप.”

“जाळीत शिरताना मीही भ्यालो होतो. भीती वाटते रे, सगळ्यांना वाटते. ती पोटात दाबून धरली की शीळ फुटत नाही. ‘आजा, मला भीती वाटते’ असं आधीच म्हणाला असतास, तर चैतीला तुझ्याजवळ बसवून मी एकटा वर गेलो असतो.”

बुध्याने नाक पुसले. तो उठणार तेवढ्यात आजा म्हणाला, “मला सांगितलंस ते बरं झालं. पण तुझ्या बहिणीनंही अर्धा दिवस तो डोंगर उगाच तुडवला. तिलाही सांगायला हवं.”

हे काम आज्याला सांगण्याहून अवघड होते. बुध्या घटकाभर तसाच उभा राहिला. मग तो घराच्या मागच्या बाजूला गेला, जिथे चैती उखळात वरई कांडत होती. थोड्या वेळाने मुसळाचा आवाज थांबला. आजा कान देऊन बसला होता. चैतीचा चढा आवाज ऐकू आला, मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, आणि मग मुसळाचा आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी दोन मुसळे आळीपाळीने पडत होती.

पुढच्या हंगामात आज्याने आपला कमठा चैतीच्या हाती दिला. तिच्या शेजारी बसून तो नुसता वाऱ्याकडे लक्ष ठेवी. बुध्या मोठेपणीही नामांकित नेमबाज झाला नाही, पण माग काढण्यात तो तरबेज झाला, आणि त्याने दिलेल्या खबरीवर चारी पाडे डोळे मिटून विसंबत. चुकला तर तो स्वतःच येऊन सांगत असे.

आपल्या हातून काही चुकते तेव्हा घरातली लहान मुले कुठेतरी जवळच असतात. त्या वेळी आपण काय बोलतो, तेवढे ती नीट ऐकून ठेवतात.